पाळीखालचे निर्मळ पाणी

मनुष्यजातीला तिच्या ज्ञानाने तारले आहे, असे मी सव्वीस वर्षे शाळेत शिकवले. शिकवताना मला दिवसाआड थंडी वाजून येई आणि वर्गातली निम्मी मुले माझ्याबरोबर कुडकुडत असत. तापाची पाळी दुपारी बाराच्या सुमारास यायची. म्हणून गणित मी सकाळी घ्यायचो आणि ज्ञानाचा महिमा दुपारी, कारण त्याला डोके फारसे लागत नाही.

गाव तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होते, अर्जुनी मोरगावच्या स्टेशनापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी वर्ध्याकडचा. नोकरी जिथे मिळाली तिथे आलो. सरकारने शाळेबरोबर टपालाची पेटी आणि कोयनेलच्या गोळ्यांचा डबा माझ्या हवाली केला होता. हिवतापावर तेवढे एकच औषध तेव्हा होते. ते कडू होते आणि फुकट होते, त्यामुळे त्याच्यावर लोकांचा दुहेरी संशय होता.

तसा तापाला गावात कोणी आजार मानतच नसे. रस्त्यात एखाद्याला विचारले, बरे आहे का, तर तो म्हणे, "बरंच हाये गुरुजी, ताप येऊन राहिला." मुलांच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असे. बारीक हातपाय आणि मोठे, टणक पोट. कुस्ती खेळतानाही ती एकमेकांच्या पोटाला धक्का लागू देत नसत. हा नियम त्यांना मी शिकवलेला नव्हता. एका मुलाला बैलाचे शिंग हलकेच लागले आणि तो संध्याकाळपर्यंत गेला, एवढ्यावरून तो त्यांना कळला होता.

गाव होते तलावाचे. आधी तलाव झाला, मग त्याच्या पाण्यावर धानाची शेते, मग शेतांपाशी घरे. तो कोहळी घराण्यातल्या कोणा पूर्वजांनी बांधला आणि त्याच घराण्यातला एक म्हातारा माझ्या वेळी तलावाची पाळ सांभाळत होता. पाळ म्हणजे मातीचा लांबलचक बांध, आणि तिच्या पोटातून शेतात पाणी सोडायचे दार म्हणजे तुडूम. म्हातारा रोज सकाळी पाळीवरून अनवाणी चालत जाई. पाझर कुठे फुटला ते तळव्याला कळते, म्हणे. त्याला वाचता येत नव्हते. मला येत होते, आणि या गोष्टीचा मला त्या दिवसांत बराच आधार वाटे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बायको गावात राहायला आली. तिची जीभ तिखट होती आणि नजर त्याहून. पहिल्या आठवड्यातच तिने मला सांगितले, "तुमच्या गावात दोनच माणसं धडधाकट आहेत. एक मालगुजाराचा बैल आणि दुसरी मी." मालगुजार म्हणजे गावचा मालक. त्याच्या गोठ्याला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात गोठ्याचे पाणी अंगणातून वाहत जाई आणि आम्ही विटा मांडून त्यांवरून ये-जा करत असू.

तिला दिवस गेले त्या वर्षी आरोग्य खात्याचे एक पातळ पुस्तक माझ्या हाती पडले. हिवताप हवेने होत नाही, देवीच्या कोपाने होत नाही, डासाने होतो, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले होते. डास पाण्यात अंडी घालतो, अंड्यातून अळी निघते. अळ्यांची दोन चित्रे होती. एक पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीने धरून डोके खाली करून लोंबकळते. दुसरी पृष्ठभागालगत काडीसारखी आडवी पडून राहते. ताप देणारा डास या दुसरीचा. मी दोन्ही चित्रे फळ्यावर काढून मुलांना दाखवली. चित्रे चांगली आली होती.

पुस्तक वाचून मी जो निष्कर्ष काढला तो माझा स्वतःचा होता. डास पाण्यात होतात. गावातले पाणी घाण आहे. म्हणून घाण काढली की डास गेले आणि डास गेले की ताप गेला. यातल्या पहिल्या वाक्यापुरता पुस्तकाचा आधार होता. बाकीची दोन माझ्या संस्कारांतून आली होती. आमच्या घरी सोवळ्याचे पाणी आणि ओवळ्याचे पाणी असे दोनच प्रकार मानत. वाईट गोष्ट ओवळ्यातून येते, हे मी पुस्तके वाचायला लागण्याच्या फार आधी शिकलो होतो, आणि पुस्तकांनी ते पुसले नव्हते.

आषाढात मी मोहीम काढली. मुले, दोन कोतवाल आणि मी. नाल्या उपसल्या, उकिरडे गावाबाहेर नेले, गोठ्यापुढची डबकी राखेने आणि मुरमाने बुजवली. लोक ओट्यांवर बसून पाहत होते. एक बाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "काऊन गुरुजी, आमच्या नालीतले मच्छर तुमच्या घरी पाहुणचाराले येत होते काय?"

"ताप त्यांच्यामुळे येतो," मी म्हणालो.

"मंग येऊ द्या ना. आमचा ताप, आमचे मच्छर. तुमाले कायले तरास?"

श्रावणात पावसाने उघडीप दिल्यावर आरोग्य खात्याचे साहेब गावाला भेट द्यायला आले. शाळेची बाके जोडून व्यासपीठ केले, त्यावर मालगुजाराच्या घरची सतरंजी. साहेब थोडे हिंदीत, थोडे मराठीत आणि जिथे अडले तिथे इंग्रजीत बोलले. बोलायला उभे राहिले तेव्हा बारा वाजत आले होते, म्हणजे तापाची वेळ. मालगुजार त्यांच्या शेजारी खुर्चीत होता. त्याची त्या दिवशी पाळी होती. भाषणात आरोग्य हीच संपत्ती इथपर्यंत साहेब आले तेव्हा मालगुजाराचे दात वाजू लागले. त्याने शाल घट्ट लपेटून घेतली, मान खाली घातली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागले. साहेबांनी ते पाहिले आणि आवाज आणखी भरदार केला. आपल्या बोलण्याचा असा परिणाम त्यांनी पूर्वी पाहिलेला नसावा.

भाषणानंतर त्यांनी गाव पाहिले. नाल्या पाहून माझी पाठ थोपटली. मग शाळा पाहिली. शाळा गावाच्या शिवेवर, पाळीच्या खालच्या अंगाला होती. गावठाणात कोणी जागा दिली नाही म्हणून सरकारने ती तिथे बांधली होती. शेजारी शिक्षकासाठी दोन खोल्यांचे घर होते, जे बांधल्यापासून रिकामे होते. घरालगत पाच-सहा पावलांवर ओळीने पाच खड्डे होते, आणि पाळीतून पाझरलेल्या पाण्याने ते भरलेले असत. पाणी इतके निर्मळ की तळाचा गोटा न् गोटा दिसे. साहेबांनी तिथे वाकून हात धुतले, तोंडावर पाणी मारले आणि रुमालाने पुसत मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या गोठ्यापाशी का राहता? ही जागा आदर्श आहे. इथे डासाला थाराच नाही."

मलाही तसेच वाटत होते. साहेबांनी म्हटल्यावर ते खरेही झाले.

सामान हलवायच्या दिवशी म्हातारा पाळीवरून खाली आला. गाडीवरचे हंडे पाहून म्हणाला, "कायले जाता तिकडं?"

"स्वच्छ आहे, बाबा. हिला आता घाणीत ठेवायला नको."

"स्वच्छ तं हाये." तो खड्ड्यांकडे पाहत राहिला. "पन ते पानी मले आवडत नाही."

"का?"

"मासोळी नाही त्यात."

मला हसू आले. तो मासे खाणारा, मी न खाणारा. पाण्याची परीक्षा तो रश्शावरून करतो आहे, असे मी समजलो. तो मात्र हसला नाही. सांगू लागला की पाळीला माती लागली तर ती तलावाच्या पोटातून काढायची, उन्हाळ्यात, तलाव आटल्यावर. त्याने पाळही वाढते आणि तलावही खोल होतो. त्याच्या आज्याने कधी पाळीबाहेरच्या मातीला फावडे लावले नव्हते. पण दोन वर्षांमागे कोणी फार मोठे साहेब अर्जुनीला उतरून नागझिऱ्याकडे शिकारीला जाणार असे कळले. त्यांची गाडी पाळीवरून जावी म्हणून मालगुजाराने पाळ रुंद करायला सांगितली. दिवस थंडीचे, तलाव तुडुंब भरलेला. पोटातली माती काढणार कशी? म्हणून बाहेरची काढली, आणि तिचे हे खड्डे झाले.

"मग गेले का ते साहेब पाळीवरून?" बायकोने गाडीतून विचारले.

"नाही बाई. ते गोंदियाकडून गेले."

"का?"

"तोच रस्ता जवळचा हाये."

नवे घर तिला आवडले. ओटा कोरडा, वारा भरपूर, पाणी दारात. पिण्याचे पाणी ती गावच्या विहिरीवरून आणवी, पण धुण्याला आणि अंघोळीला खड्ड्याचे. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसत असू. डास चावत, पण ते गुणगुणत नसत, आणि मी समजलो की हे चिलटांपैकी काही असावेत. पुस्तकात लिहिले होते की तापाचा डास फारसा आवाज करत नाही. ते वाक्य मी मुलांना दोनदा वाचून दाखवले होते.

पोळ्याच्या दिवशी त्या भागात घरोघरी दारापाशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलून, नारबोद नावाची पळसाची आणि चिंध्यांची बाई करून, सगळे गाव तिला ओरडत ओरडत शिवेबाहेर टाकून येते. खोकला घेऊन जा, रोग घेऊन जा, माशा घेऊन जा, मच्छर घेऊन जा गे नारबोद. साधारण अशा अर्थाचे ते ओरडणे असते. पूर्वी मी ते गावातून पाहिले होते, पाठमोरे. त्या वर्षी प्रथमच समोरून पाहिले. चिखल तुडवत, ढोलकी वाजवत सगळे गाव आमच्या दिशेने येत होते. आमच्या घराच्या अलीकडे दहा हातांवर शीव होती. तिथे ते थांबले, नारबोदीला दोन-तीन झोके दिले आणि जोराने आमच्या बाजूला फेकले. ती पहिल्या खड्ड्यात पडली. मग लोक मागे न पाहता परतले, कारण मागे पाहिले तर ती परत येते.

बायको ओट्यावर उभी होती. म्हणाली, "म्हणजे गावाने आपले सगळे डास आपल्याला दिले."

"खुळी समजूत आहे," मी म्हणालो.

"हो. पण पत्ता बरोबर आहे."

भाद्रपदाच्या शेवटी तिला पहिली थंडी भरली. दुपारी. अंगावर गोधडी, गोधडीवर सतरंजी, सतरंजीवर मी, तरी खाट हलत होती. दोन तासांनी भट्टीसारखा ताप, मग घाम, मग ती उठून बसली आणि म्हणाली, "एवढंच ना? हे तर तुमचे विद्यार्थी रोज करतात." तिसऱ्या दिवशी पुन्हा.

कोयनेलचा डबा माझ्याच घरात होता. तो उघडला तेव्हा सुईण दारात आली. गावातली निम्मी माणसे तिच्या हातून जगात आली होती, आणि तसा तिचा आवाज होता. म्हणाली, "गुरुजी, तिले कोयनेल देसान तं पोर पडंल. गरम अस्ते ते."

"तापानेही पडते," मी म्हणालो. पुस्तकात तसे होते.

"मंग द्या. पोर तुमचं हाये, माहं नाही."

तिने आणखी आरडाओरडा केला असता तर मी पूर्ण मात्रा दिली असती. तिच्या शांतपणे बोलण्याने मी घाबरलो. पुस्तक उघडले. त्यात गरोदर बाईबद्दल वैद्याचा सल्ला घ्यावा असे लिहिले होते. वैद्य गोंदियाला. शेवटी गोळी विळीवर ठेवून मधोमध चिरली आणि अर्धी दिली. पुस्तकाचाही मान राहिला, सुईणीचाही. रोज अर्धी, अकरा दिवस. ताप अर्धाही झाला नाही. त्याने फक्त वेळ थोडी पुढे ढकलली.

पाचव्या पाळीनंतरची सकाळ होती. तिला बरे वाटत होते, म्हणून तिने खड्ड्यावरून पांढरी एनॅमलची बादली भरून आणली होती. मी हजेरीपट लिहीत होतो.

"अहो," तिने हाक मारली. "तुमच्या फळ्यावरची चित्रं इथे पाण्यात आली आहेत."

मी गेलो. पांढऱ्या तळावर बारीक काळ्या काड्या दिसत होत्या. बोट लावले की झटक्याने मागे सरत, पुन्हा वर येत आणि पृष्ठभागालगत आडव्या पडून राहत.

"ही आडवी झोपतात," ती म्हणाली. "नालीतली उलटी लोंबायची. यातली वाईट कोणती होती हो?"

 तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिला उत्तर मिळाले. बादली उचलून तिने पाणी तुळशीच्या पलीकडे कोरड्या जमिनीवर ओतले. जमीन ते पिऊन टाकीपर्यंत आम्ही दोघे तिथे उभे होतो.

गावातल्या नाल्यांतली अळी लोंबणारी होती. तिच्यापासून फार तर रात्रीची झोपमोड होई, हिवताप नव्हे. ती मी दोन कोतवाल आणि चाळीस मुले लावून नष्ट केली होती. आणि बायकोला उचलून तापाच्या दारात आणून बसवले होते, कारण पाणी निर्मळ होते.

त्याच सकाळी मी पाळीवर जाऊन म्हाताऱ्याला गाठले. म्हटले, खड्डे बुजवायचे आहेत, आजच.

"बुजवाले माती कोठून आनता?"

"कुठूनही. शेजारून काढू."

"मंग तिथं खड्डा होईल ना, गुरुजी."

त्याने तळव्याने पाळीची माती दाबून पाहिली. मग म्हणाला, "पानी खोल असावं, नाही तं चालतं असावं. खोल असंल तं मासोळी राहते, अळी-बिळी काही असंल ते खाते. चालतं असंल तं काही टिकत नाही. हे पानी धड दोनीतलं नाही. मले मासोळी नाही म्हनून दिसलं, तवाच बोललो." मग खाली पाहून: "माती मीच काढाले लावली होती. मालगुजार म्हने, साहेब येऊन राहिले."

तो दुपारी फावडे घेऊन आला, दोन मुलगे बरोबर. काठी, सुतळी आणि तांब्याभर पाणी, एवढ्यावर त्याने उतार काढला. पाचही खड्डे एका चरीने जोडले आणि चर खालच्या धानाच्या बांधीत सोडली. तीन दिवसांत खड्ड्यांत चिखल राहिला, चिखलात पळसाच्या काटक्या आणि नारबोदीच्या चिंध्या. उपाय इतका सोपा होता की त्याला व्यासपीठ लागले नसते. पण तो बाकीच्यांसाठी होता. तिच्या अंगात जे जायचे ते गेले होते.

आता एकच मार्ग होता: गोंदियाचा दवाखाना. बैलगाडीने अर्जुनी, तिथून रेल्वेने गोंदिया. ताप दिवसाआड येत होता, म्हणून मी कागदावर वेळापत्रक आखले. सोमवारी ताप, मंगळवारी बरी. तर मंगळवारी पहाटे निघायचे, दुपारची गाडी पकडायची, बुधवारच्या पाळीआधी दवाखान्यात. कागद मी तिला दाखवला. तिने लक्ष देऊन वाचला.

"छान आहे," ती म्हणाली. "त्याला दाखवलात का?"

"कोणाला?"

"तापाला."

मंगळवारी गाडीत गवताची गादी केली. म्हाताऱ्याने आपला धाकटा मुलगा हाकायला दिला आणि स्वतः तुडुमापर्यंत बाजूने चालत आला. शेतात धान पोटरीत होते, लोंबी अजून बाहेर पडायची होती. त्याच दिवसांत त्याला तलावाचे पाणी लागते, आणि त्याच दिवसांत तापही जोरात असतो. तिथे थांबून तो तिला म्हणाला, "बाई, येतानी लेकरू घेऊन ये."

"बाबा, नाव तुम्ही ठेवा," ती म्हणाली.

अकराच्या सुमारास, अर्जुनीच्या अलीकडे, तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. "आज मंगळवार ना?" तिने विचारले. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "त्याला वाचता येत नाही." मग दात वाजू लागले. पुढे मला डॉक्टरांनी सांगितले की असे होते, एक ताप असताना वर दुसरा चढतो आणि मधला बरा दिवस जातो. पुस्तकात ते पुढच्या प्रकरणात होते.

गोंदियाच्या दवाखान्यात कंपाउंडर हिंदी बोलणारा, वयस्क, थकलेला माणूस होता. तिचे पोट दाबून पाहिले, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. मला विचारले, "मास्टरजी, कुनैन दिया था?"

"दिया था."

"कितना?"

मी सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहायला त्याला वेळ नव्हता, व्हरांड्यात माणसे जमिनीवर झोपली होती. "आधा क्यों?" एवढेच त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता सुई तयार करायला गेला. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला पुढे बरीच वर्षे मिळाली. अजून ते जमलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल झाले. मुलगी होती, आणि ती पोटातच गेलेली होती. कोयनेलने नव्हे, डॉक्टर म्हणाले, तापाने. सुईणीचे म्हणणे चुकीचे होते आणि माझे बरोबर होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. बायको आणखी दोन दिवस होती. मध्ये एकदा शुद्धीवर आली तेव्हा तिने विचारले, खड्ड्यातले पाणी गेले का. मी म्हणालो, गेले. तिला ते पटल्यासारखे दिसले. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या आत सगळे संपले होते.

मी परत आलो तेव्हा म्हातारा चर साफ करत होता. त्याने पाहिले की गाडीत मी एकटा आहे. फावडे टेकवले आणि डोक्याचे फडके सोडून हातात घेतले. थोड्या वेळाने त्याने फडके पुन्हा बांधले, कारण ऊन होते, आणि कामाला लागला.

आठवड्याने टपालातून साहेबांचे पत्र आले. ते माझ्याच पेटीतून मीच मला दिले. गावाच्या सफाईबद्दल खात्याने समाधान व्यक्त केले होते आणि शाळेच्या परिसराचा इतरांपुढे नमुना म्हणून उल्लेख केला जाणार होता. पत्रावर सही ठळक होती.

मी त्या घरातच राहिलो. दुसरीकडे जायचे तर कुठे? पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूला ताप बराच कमी झाला. साहेबांनी याचे श्रेय भाषणाला दिले, सुईणीने आपल्या काढ्याला. म्हाताऱ्याला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तो म्हणाला असता, आज्याने सांगितले तसे केले असते तर मुळात काही झालेच नसते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ढोलकी वाजली. मी ओट्यावर बसलो होतो. लोक नारबोद घेऊन आले. शिवेपाशी पोचले आणि थांबले नाहीत. ओरडणे मात्र थांबले. सगळे गाव मुकाट्याने माझ्या घरावरून पुढे गेले, खड्डे ओलांडले, शाळा ओलांडली. पुढे सुईण होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पार पलीकडच्या नाल्यापर्यंत जाऊन, तिथे पुन्हा ओरडून, त्यांनी नारबोद पलीकडे फेकली. मी चाळीस मुलांना शिकवले होते की नारबोद हे अज्ञान आहे. त्या दिवशी मी त्यांना तसे पुन्हा सांगितले नाही.

महिन्याभराने नाल्यापलीकडच्या गावच्या पाटलाचे पत्र आले. तुमच्या गावाने आपले मच्छर आमच्या हद्दीत टाकल्याने आमच्याकडे तापाची साथ आहे, तरी ते त्वरित परत न्यावेत, असा मजकूर होता. गावात लिहिता येणारा मीच, म्हणून उत्तर मला लिहावे लागले. लिहिले की पत्र पावले, आणि नेण्याआणण्याची सोय तूर्त फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते.